नाखव्याचं नाक

दामाजी नाखवांचं गॅरेज माजिवड्याला हायवेच्या कडेला होतं आणि त्याला लागून माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. मधे पत्र्याची एकच भिंत. पलीकडे हातोडा पडला की अलीकडे माझ्या टाइपरायटरवरचं कव्हर थरथरायचं. एक्याण्णव साली मी कोपरहून रोज येऊन ते दुकान चालवायला लागले, तेव्हा पहिले पंधरा दिवस वाटायचं की इथे आपलं डोकं फुटणार. मग सवय झाली. पुढे तर पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही की मीच डोकावून विचारायची, "काका, बरं आहे ना?"

काका चेंदणी कोळीवाड्यातले. त्यांचे वडील भिवाजी खाडीत होडी घालायचे. खाडीचं पाणी बिघडत गेलं, जाळ्याला तेलकट काळं लागायला लागलं, आणि विशीच्या आतच काकांनी जाळं सोडून पाना धरला. नौपाड्यातल्या एका गॅरेजात बरीच वर्षं काढली आणि ब्याऐंशी साली माजिवड्याला स्वतःची शेड टाकली. फियाट, अॅम्बॅसेडर, जीप, कधी एखादा टेम्पो. शेडला पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण काकांचं नाक प्रसिद्ध होतं.

गाडी आली की ते आधी हात लावत नसत. बोनेट उघडायला सांगायचे, दोन पावलं मागे उभे राहायचे आणि नुसता वास घ्यायचे. "क्लचप्लेट जळालीय." "पाणी उकळून बाहेर आलंय, हेडची पॅकिंग बघायला लागंल." एकदा एका टॅक्सीवाल्याला म्हणाले, "तुज्या पेट्रोलात राकेल हाय." तो शपथा घ्यायला लागला. काकांनी कार्बोरेटर उघडून त्यातलं पेट्रोल त्याच्या हाताला लावलं आणि म्हणाले, "हुंग." तो हुंगून मुकाट्याने हात पुसायला लागला. लोक म्हणायचे, हा नाखवा नाही, नाकवा आहे. ते ऐकून काका हसायचे नाहीत, पण त्यांना आवडायचं ते दिसायचं.

त्यांची बायको शेवंतीकाकी नाक्यावरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. दुपारी एकच्या सुमाराला रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती गॅरेजवर यायची, कोपऱ्यातल्या बाकड्यावर डबा उघडायची आणि दोघं जेवायची. जेवताना फार बोलत नसत. काका पहिला घास खाल्ला की म्हणायचे, "बरं झालंय." तेवढंच.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर एक गोष्ट घडली. तिच्यात माझाही हात होता, म्हणून सांगते. आमच्या कोपरच्या चाळीत विठ्ठल सरवदे नावाचे शाळामास्तर राहायचे. त्यांनी जुनी फियाट घेतली होती आणि ती चढावर दम टाकायची. मीच म्हणाले, "आमच्या काकांकडे घेऊन या, एवढ्या लांब आल्याचं सार्थक होईल." सर आले. काकांनी कार्बोरेटर साफ केला, गाडी फिरवून बघितली आणि दिली. संध्याकाळी शिळफाट्याजवळ सरांच्या बोनेटमधून धूर निघाला. पेट्रोलच्या नळीचा जोड झिरपत होता आणि त्याने पेट घेतला होता. रस्त्यावरच्या लोकांनी माती टाकून विझवलं. कोणाला काही झालं नाही, बोनेटचा रंग तेवढा फोडासारखा फुगला.

तिसऱ्या दिवशी सर बसने गॅरेजवर आले. भांडायला नव्हते आले, भला माणूस. नुसतं हसून म्हणाले, "नाखवा, तुमचं नाक त्या दिवशी रजेवर होतं काय?"

काका उठले. स्वतः शिळफाट्यापर्यंत जाऊन गाडी ओढून आणली, नळी बदलली, बोनेट रंगवून दिलं. पण त्या दिवसापासून काहीतरी बदललं. त्यांनी बिडी सोडली. पाच वाजले की शटर ओढायला लागले. नवीन गाडी आली की आधी "वेळ नाय" म्हणायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दमलो गो कलाबाय. बावन्न वर्सांचा झालो. पाना उचलवत नाय." मला ते खरं वाटलं. खरंच ते दमलेले दिसायचे. दुपारी जेवल्यावर बाकड्यावर बसल्या बसल्या मान टाकायचे.

कारखानीसांची गाडी आली ती त्यानंतर, अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत.

प्रभाकर कारखानीस हे पाचपाखाडीतले इंजिनियर. नऊ वर्षं अमेरिकेत राहून परत आले होते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर लागले होते. येताना सामानाबरोबर गाडीही आणली होती. चंदेरी रंगाची, स्टिअरिंग डाव्या बाजूला. नाक्यावर गाडी वळली तेव्हा रिक्षावाले माना वळवून बघत होते की डावीकडे बसलेला माणूस गाडी चालवतोय कसा.

कारखानीस शेडसमोर उतरले आणि म्हणाले, "नाखवा तुम्हीच ना? मला तुमच्याबद्दल तीन जणांनी सांगितलं. मुंबईत दोन ठिकाणी दाखवून झालं. दिवा विझवून देतात आणि चार दिवसांनी परत लागतो."

"कसला दिवा?"

त्यांनी डॅशबोर्डवर बोट ठेवलं. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला होता. मग त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटरएवढं एक यंत्र काढलं, स्टिअरिंगच्या खाली त्याची वायर खुपसली, आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा आला. पी शून्य चार चार शून्य. गाडीतला कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करतो आणि काय दुखतंय ते आकड्यात सांगतो, असं त्यांनी समजावलं. आकड्याचा अर्थ त्यांनी गाडीबरोबर आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकात होता.

काकांनी पुस्तक हातात घेतलं, वजन बघितल्यासारखं खालीवर केलं, आणि माझ्याकडे दिलं. "वाच बाय."

मी वाचलं. इंग्रजी मला टायपिंगपुरतं येतं, अर्थ लावायला वेळ लागला. कारखानीसांनी अडेल तिथे मदत केली. निघालं ते असं. पेट्रोलच्या टाकीत सतत वाफ होत असते. ती वाफ हवेत सोडायची नाही, असा तिकडचा कायदा. म्हणून टाकी सगळीकडून बंद. वाफ नळीने कोळशाच्या एका डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि गाडी चालू असताना एक व्हॉल्व्ह उघडून ती वाफ इंजिन ओढून घेतं आणि जाळून टाकतं. या सगळ्या वाटेवर कुठेतरी गळती किंवा बिघाड आहे, एवढंच तो आकडा सांगत होता. कुठे, ते सांगत नव्हता.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाफंसाठी दिवा लावत्यात? आमच्या फियाटच्या झाकणाला भोकच असतंय. वाफ जाते आभाळात. आजवर कोणी विचारलं नाय."

"तिकडे विचारतात," कारखानीस म्हणाले. "आणि दिव्याचं सोडा हो. गाडीत पेट्रोलचा वास येतो. बायकोचं डोकं धरतं, मुलगी मागे बसली की उलटी करते. तुम्हाला आत्ताही येत असेल बघा."

काका मागच्या दाराशी गेले, आत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "हो. येतोय."

मी त्यांच्याकडे पाहत होते. एरवी काका वास घेऊन झाला की लगेच बोट दाखवायचे. या वेळी त्यांनी फडक्याने हात पुसले. हात स्वच्छच होते.

"गाडी ठिवा," ते म्हणाले. "बघतो."

पहिल्या दिवशी त्यांनी टाकीचं झाकण काढलं. आतल्या रबराच्या रिंगला बारीक चीर होती. काकांनी त्याच मापाची रिंग शोधून बसवली, कारखानीसांनी यंत्राने दिवा विझवला आणि गाडी नेली. पाचव्या दिवशी माझ्या दुकानातल्या फोनवर त्यांचा फोन आला. दिवा परत लागला होता, आणि वास कमी झाला नव्हता.

गाडी पुन्हा आली. काकांनी इंजिनाजवळचा व्हॉल्व्ह काढला. पुस्तकात लिहिलं होतं की वीज नसताना तो बंद असला पाहिजे. काकांनी तो तोंडाला लावून फुंकर मारली. हवा गेली नाही. बॅटरीच्या दोन वायरी लावल्या तेव्हा तो टिकटिकला आणि हवा गेली. व्हॉल्व्ह ठीक. मग गाडीखाली आडवे होऊन कोळशाचा डबा बघितला. डबा शाबूत, त्याच्यावरचा दुसरा व्हॉल्व्हही चालू. पाठीवर सरपटत बाहेर यायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. बाहेर आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पुढं काय लिवलंय?"

मी पान उलटलं. "पुढे लिहिलंय की सगळ्या नळ्यांत अगदी हलक्या दाबाने धूर भरायचा, आणि तो कुठून निघतो ते बघायचं. त्याचं एक मशीन असतं."

"आपल्याकडं हाय?"

"नाही."

"मंग फुडलं वाच."

"पुढे लिहिलंय, अर्ध्या पौंडापेक्षा जास्त दाब देऊ नये. टाकी खराब होईल."

अर्धा पौंड म्हणजे काहीच नाही. टायरमध्ये पंचवीस-तीस पौंड हवा असते. गॅरेजातल्या पंपाचा काटा अर्ध्या पौंडावर हलतही नव्हता. काका शेडच्या दारात बसून राहिले. रस्त्यापलीकडे एक दवाखाना होता आणि त्याचा कंपाउंडर भगवान बाहेर येऊन कोणाशी तरी बोलत उभा होता. काका त्याच्याकडे बघत होते. मग एकदम मला म्हणाले, "डाक्टर बीपी बघतो, त्याचा काटा केवढ्यावर चालतो?"

मी कारखानीसांना फोन लावला. त्यांनी तिकडे हिशेब केला आणि हसायलाच लागले. "अर्धा पौंड म्हणजे बीपीच्या काट्यावर पंचवीस-सव्वीस. अहो, हे चालेल! कोणाला सुचलं?"

भगवानने जुनं, पट्टा फाटलेलं बीपीचं यंत्र दिलं. काकांनी पट्टा काढून टाकला, रबरी फुगा आणि काटा ठेवला, आणि त्यांची नळी इंजिनाकडच्या वाफेच्या नळीला जोडली. डब्याचं हवेचं तोंड चिमट्याने बंद केलं. आजूबाजूला कोणी काडीही ओढू नये म्हणून मला रस्त्याच्या बाजूला उभं केलं. मग फुगा दाबायला लागले. दहा वेळा, वीस वेळा, चाळीस वेळा. टाकी मोठी, फुगा मुठीएवढा. साठच्या पुढे गेल्यावर काटा वीसवर आला. काकांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांनी हात थांबवला. काटा वीसवरून अठरावर आला, पंधरावर आला, दहावर आला.

"गळतंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बरा वाटला मला, कित्येक दिवसांनी.

मग त्यांनी डबा आणि टाकी यांच्या मधली नळी चिमट्याने दाबली आणि पुन्हा फुगा चालवला. आता काटा जागचा हलला नाही. म्हणजे डब्यापर्यंतचा भाग घट्ट होता. गळती टाकीच्या बाजूला. अर्धी गाडी बाद झाली, अर्धी उरली. काकांनी साबणाचा फेस करून जिथे जिथे हात पोचत होता तिथे लावला, झाकणाला, पेट्रोल भरायच्या नळीला, खालच्या जोडांना. बुडबुडा कुठेच आला नाही. राहिली टाकीची वरची बाजू, आणि ती गाडीच्या पत्र्याखाली दडलेली. टाकी उतरवायची म्हणजे दोन माणसांचं दिवसाचं काम. काका गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले आणि डोळे मिटले.

"काका, वासावरून नाही का कळणार?" मी विचारलं. मला खरंच काही माहीत नव्हतं. सरळ मनाने विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

एक वाजला होता. शेवंतीकाकी आली. पाटी बाकड्यावर ठेवता ठेवताच तिने पदर नाकाला लावला. "अगो बाय! केवढा वास मारतोय पेट्रोलचा. हितं बसून जेवायचं कसं?"

काकांनी डोळे उघडले. "कुठनं येतोय?"

"म्हंजे?"

"कुठनं येतोय ते बघ जरा."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. मग गाडीच्या मागच्या दारातून आत वाकली. समोरच्या सीटवर काही नाही. मागच्या सीटवर हात टेकून तिने नाक खाली नेलं, उजवीकडे, मग डावीकडे. "हितनं," ती म्हणाली. "या गादीच्या खालनं. डाव्या अंगाला. हितं तर डोळं चुरचुरतात."

काकांनी सीटची बैठक उचलली. खाली पत्र्यावर तव्याएवढं एक गोल झाकण होतं, चार स्क्रूंचं. मी त्यांना कधी स्क्रू काढताना चुकताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दोनदा पेचकस घसरला. झाकण निघालं आणि टाकीचा माथा दिसला. त्यावरून जाणारी करंगळीएवढी रबरी नळी एका बाजूने कुरतडलेली होती. दातांच्या बारीक खुणा स्पष्ट दिसत होत्या. शेजारी उंदराच्या लेंड्या.

कारखानीसांच्या सोसायटीत गाड्या इमारतीच्या खाली उभ्या राहतात. अमेरिकेतून आलेली गाडी, तिचा कॉम्प्युटर, आणि पाचपाखाडीचा उंदीर. मला हसू आलं. मी काकांकडे पाहिलं आणि हसू जिरलं.

काकी त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. "तुला येत नाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

काका उंबऱ्यावर टेकल्यासारखे गाडीच्या दाराच्या पट्टीवर बसले.

"कदीपासून?"

"वरीस झालं. जास्तच. आदी कमी व्हत व्हता. मंग गणपतीत एकदम गेला."

"कायच नाय येत?"

"कायच नाय."

काकीची नजर डब्याकडे गेली. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग माज्या कालवणाला बरं झालंय म्हणतोस, ते?"

काकांनी मान खाली घातली. "मीठ कळतं," ते म्हणाले. "तिखट कळतं. बाकी तुज्या तोंडाकडं बघून सांगतो."

मी तिथून उठून माझ्या दुकानात आले. काहीतरी टाईप करायला घेतलं आणि एकाच ओळीत चार चुका केल्या. पत्र्यापलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग काकीचाच आवाज आला, "जेव आता. निवतंय."

काकांनी त्या दिवशी मागाहून मला सगळं सांगितलं, बसल्या जागेवरून, माझ्याकडे न बघता. सरवदे सरांची फियाट दिली तेव्हा नळी झिरपत होती, बोनेट उघडं होतं, आणि हे शेजारी उभे होते. तेव्हाच त्यांना पुरतं कळलं होतं. "कोणाचं प्वार असतं गाडीत तर?" ते म्हणाले. "कलाबाय, मी तवापासून नीट झोपलो नाय. दमलो म्हणत व्हतो ना तुला, ते पान्यानं नाय."

मी म्हणाले, "मग सांगायचं ना कोणाला तरी."

"काय सांगू? नाकवाल्याचं नाक गेलं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेट्रोलला चालणारी नळी मापात कापून बसवली, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, आणि बीपीच्या काट्याने पुन्हा तपासलं. काटा चोवीसवर चढला आणि तिथेच राहिला. मी पुस्तकात बघून सांगितलं तेवढा वेळ आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे होतो, एखाद्या पेशंटच्या उशाशी असावं तसे. काटा हलला नाही.

कारखानीस गाडी घेऊन गेले. दहा दिवसांनी बायको आणि मुलीला घेऊन मुद्दाम आले. दिवा लागला नव्हता, वास नव्हता, मुलगी मागे बसून टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आली होती. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. "मुंबईत कोणाला जमलं नाही. खरंच, लोक म्हणतात ते खोटं नाही. तुमच्या नाकाला मानलं, नाखवा. माझ्या ऑफिसातल्या आणखी दोघांच्या गाड्या आहेत, पाठवतो."

हो म्हणून टाकायचं सोपं होतं. मी दारात उभी होते आणि माझी अशी इच्छा होती की त्यांनी हो म्हणावं.

"नाक माजं नाय साहेब," काका म्हणाले. "मना वास येत नाय. वरीस झालं. तुम्हाला त्या दिवशी येतोय म्हणलो ते खोटं. ती गळती माज्या बायकोनं काढली. पेट्रोलच्या गाड्या पाठवू नका. ब्रेक, क्लच, स्प्रिंग काय असेल तर पाठवा."

कारखानीस गोंधळले. त्यांच्या बायकोने मात्र पुढे होऊन विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत का?"

नव्हतं दाखवलं. तिनेच ठाण्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. शेवंतीकाकीने मला बरोबर नेलं, कागद वाचायला कोणी हवं म्हणून. डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं, चार बाटल्या हुंगायला दिल्या. काका प्रत्येक बाटलीला मान हलवत राहिले. मग डॉक्टरांनी विचारलं, तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढता का? हात कशाने धुता? काका म्हणाले, पेट्रोलनंच. किती वर्षं? काकांनी बोटं मोजली नाहीत. "सगळीच," म्हणाले.

डॉक्टरांचं म्हणणं पडलं की हे त्याचंच असावं, खात्रीने सांगता येत नाही. वास घेणारी जागा झिजली आहे. परत येईलसं वाटत नाही. घरात गॅस असेल तर सांभाळा.

परतताना रिक्षात काकी मधे बसली होती. कोणी रडलं नाही. काकी एवढंच म्हणाली, "शेगडीला मीच काडी लावत जाईन."

पुढचे काही महिने काकीने एक प्रयत्न केला. बाजार आटोपला की ती गॅरेजवर यायची आणि जेवणाआधी, उभी असलेली गाडी हुंगून सांगायची. "यात हाय. यात नाय." काकांनी तिला फरक शिकवायला घेतला. जळालेलं तेल कसं, कच्चं पेट्रोल कसं, उकळलेलं पाणी कसं. त्यांना स्वतःला वास येत नव्हता, आठवणीतून सांगायचे. "जळल्या रबराला जरा गोडसर झाक असते बघ." काकी डोळे मिटून हुंगायची. कधी बरोबर सांगायची, कधी वैतागायची. "दिसभर मासळीत बसून आलेलं नाक हाय माजं, त्याला काय गोड नि काय कडू!" ते दिवस बरे होते. पण पावसाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं. एक दिवस ती बाकड्यावर बसली आणि काकांनीच सांगितलं, "बास. तुजंबी घालवायचं नाय."

त्यानंतर ते फक्त ब्रेक आणि स्प्रिंगचं काम करत राहिले. गिऱ्हाईक कमी झालं. जुनी माणसं यायची, वास घ्यायला सांगायची, आणि काका प्रत्येकाला तेच सांगायचे, मना येत नाय. पहिल्या वेळेला ते बोलणं जड गेलं होतं. पन्नासाव्या वेळेलाही जडच जायचं, मी ऐकायची ना पत्र्याआडून. फक्त शब्द कमी झाले होते.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये कारखानीस पुन्हा आले, या वेळी चालत. त्यांच्या कारखान्यात माल उचलायच्या गाड्या होत्या, बॅटरीवर चालणाऱ्या. पेट्रोल नाही, धूर नाही. त्या बघायला माणूस हवा होता, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार. "तुम्ही बीपीच्या मशीनने गळती शोधलीत, ती गोष्ट मी आमच्या सगळ्यांना सांगितली आहे," ते म्हणाले. "मला वास घेणारा नकोय. विचार करणारा हवाय."

मला वाटलं काका नाही म्हणतील. स्वतःची शेड, सतरा वर्षं कोणाची चाकरी नाही. काकांनी विचारलं, "माज्यावर साहेब कोण?"

"एक सुपरवायझर आहे. तरुण आहे, जरा बडबड्या."

"चालंल," काका म्हणाले. "काय करायचं ते सकाळी कोणीतरी सांगितलं तर बरंच होईल. आता मना ठरवायचा कटाळा आलाय."

शेड एका पत्रेवाल्याने घेतली. हत्यारं काकांनी एका दिवसात आवरली, बरीचशी देऊन टाकली. मला कारखानीसांचं ते जाड पुस्तक परत करायला दिलं. निरोपाचं बोलणं काही झालं नाही, कारण ते वागळे इस्टेटला तर चालले होते, परदेशी नव्हे.

मे महिन्यात एका रविवारी चेंदणीला माझ्या मावसबहिणीकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या घरी डोकावले. काका ओटीवर बसले होते. अंगावर गंजी, हात स्वच्छ. नखांतलं काळं मात्र अजून गेलं नव्हतं. काकी आत होती. कसं आहे काम, म्हटलं.

"काम काय, काम," ते म्हणाले. "पोरगा बडबडतो, मी ऐकतो. गाड्या आवाज करत नाय, तेच जरा चुकल्यासारखं वाटतं."

"आणि तब्येत?"

त्यांनी थोडा विचार केला. "झोप लागते आता," म्हणाले. "पडलो की लागते. सकाळी हीच मना उठवते." मग आत बघून हाक मारली, "अगो, कलाबाय आलीय, चहा टाक." आणि भिंतीला डोकं टेकून, बोलता बोलताच, जरा डोळे मिटले.